प्रवास विमा : संरक्षण कुठे संपते, ते सांगणारी बारीक अक्षरे

रायपूर : बिलासपूरजवळ ४ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी गेवरा रोडहून येणारी मेमू गाडी मालगाडीवर आदळली आणि किमान ११ जणांचा मृत्यू झाला. रेल्वेने मृतांच्या वारसांना प्रत्येकी १० लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य जाहीर केले. मात्र रेल्वेचे ई-तिकीट काढताना ४५ पैशांत मिळणारा १० लाख रुपयांचा ऐच्छिक प्रवास विमा या गाडीतील प्रवाशांसाठी मुळातच उपलब्ध नव्हता. हा विमा केवळ ऑनलाइन काढलेल्या आरक्षित तिकिटासोबत घेता येतो आणि मेमू ही अनारक्षित गाडी आहे. रोज कामासाठी, शिक्षणासाठी किंवा दवाखान्यासाठी ये-जा करणारा प्रवासी या संरक्षणाच्या कक्षेत येत नाही.

त्याच वर्षी २२ एप्रिल रोजी जम्मू-काश्मीरमधील पहलगाम येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यांत महाराष्ट्रातील सहा पर्यटक आणि रायपूरचा एक व्यावसायिक यांचा समावेश होता. हल्ल्यानंतर हजारो कुटुंबांनी काश्मीरच्या सहली रद्द केल्या. त्या वेळी ‘आमचा प्रवास विमा आहे, पैसे परत मिळतील का,’ हा प्रश्न अनेक घरांत विचारला गेला. त्याचे उत्तर जाहिरातीत नव्हते; ते पॉलिसीच्या शेवटच्या पानांवरील अपवादांच्या यादीत होते.

प्रवास विमा म्हणजे प्रवासात होणाऱ्या कोणत्याही नुकसानीची भरपाई, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो ठरावीक घटनांपुरता, ठरावीक काळापुरता आणि ठरावीक पुराव्यांवर अवलंबून असलेला करार असतो. या तीन मर्यादा समजून घेतल्या, तर दावा फेटाळला जाण्याची बहुतेक कारणे आधीच लक्षात येतात.

कायद्यातील स्थान

विमा अधिनियम, १९३८ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रवास संरक्षण आणि वैयक्तिक अपघात संरक्षण यांचा समावेश ‘आरोग्य विमा व्यवसाय’ या व्याख्येत करण्यात आला. त्यामुळे या पॉलिसींवर भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचे, म्हणजेच ‘इर्डाई’चे नियंत्रण असते.

एका प्रवास पॉलिसीत साधारणपणे पाच वेगवेगळी संरक्षणे एकत्र बांधलेली असतात : आकस्मिक वैद्यकीय खर्च, अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व, सहल रद्द होणे अथवा अर्धवट राहणे, सामान व पासपोर्ट हरवणे आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे दायित्व. प्रत्येकाची रक्कम, अटी आणि अपवाद स्वतंत्र असतात. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक छापलेली मोठी रक्कम बहुधा केवळ वैद्यकीय खर्चाची असते. सामान किंवा सहल रद्द होणे यांसाठीची रक्कम तिच्या तुलनेत अगदी लहान असू शकते.

अपवादही दोन प्रकारचे असतात. युद्ध, अणुदुर्घटना, आत्महत्येचा प्रयत्न, गुन्हेगारी कृत्य आणि मद्य किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली झालेली इजा हे सर्वसाधारण अपवाद संपूर्ण पॉलिसीला लागू होतात. त्याशिवाय प्रत्येक संरक्षणाखाली त्याचे खास अपवाद वेगळे दिलेले असतात. केवळ पहिली यादी वाचून समाधान मानणारा विमाधारक अनेकदा दुसऱ्या यादीत अडकतो.

रेल्वेचा ४५ पैशांचा विमा

मुंबई–हावडा मुख्य मार्गावरील रायपूर स्थानकातून गीतांजली, आझाद हिंद यांसारख्या गाड्यांनी महाराष्ट्रात ये-जा करणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने रेल्वेचा ऐच्छिक विमा हा सर्वांत परिचित प्रवास विमा होय. ‘आयआरसीटीसी’ने सप्टेंबर २०१६ मध्ये प्रतिप्रवासी ९२ पैसे हप्त्यावर तो सुरू केला. पुढे हा हप्ता अनेकदा बदलला आणि आता तो ४५ पैसे आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाख रुपयांपर्यंत, रुग्णालयातील उपचारांसाठी दोन लाख रुपयांपर्यंत आणि पार्थिव नेण्यासाठी १० हजार रुपये, अशी त्याची रचना आहे.

हा विमा निश्चित झालेल्या किंवा आरएसी तिकिटावर लागू होतो. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला तो मिळत नाही. एका पीएनआरवर तो घ्यायचा असेल, तर त्यावरील सर्व प्रवाशांसाठी घ्यावा लागतो. तिकीट काढल्यानंतर विमा कंपनीकडून ई-मेल व मोबाइलवर दुवा येतो आणि तेथे वारसाचे नाव नोंदवायचे असते. ही नोंद राहून गेली, तर पैसे बुडत नाहीत. परंतु वारसा हक्काची कागदपत्रे जमविण्याचा भार शोकाकुल कुटुंबावर पडतो.

गाडी रद्द होणे, उशिरा धावणे किंवा सामान चोरीला जाणे यांसाठी हा विमा नाही. गाडी तीन तासांपेक्षा अधिक उशिरा असेल आणि प्रवाशाने प्रवास केला नसेल, तर भाड्याचा परतावा रेल्वेच्या नियमांनुसार ‘टीडीआर’ भरून मिळतो. तो विम्याचा दावा नव्हे. धावत्या गाडीत हृदयविकाराचा झटका येऊन प्रवाशाचा मृत्यू झाला, तर तो नैसर्गिक मृत्यू ठरतो आणि १० लाखांची रक्कम देय होत नाही.

विमा नसला, तरी कायदा पाठीशी आहे, ही बाब अनेकांना माहीत नसते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४ नुसार गाडीच्या अपघातात, तर कलम १२४-अ नुसार दहशतवादी कृत्य, दरोडा, दंगल किंवा गाडीतून अपघाताने पडणे अशा ‘अनुचित घटनेत’ रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते. मृत्यूसाठीची ही रक्कम १ जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख रुपये करण्यात आली. त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मृताजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून तो वैध प्रवासी नव्हता असे म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले. विशेष म्हणजे, याच अधिनियमाच्या कलम १२८ नुसार ही भरपाई मागितल्याने विमा पॉलिसीखालील रकमेचा हक्क जात नाही. दोन्ही वेगवेगळे आहेत आणि दोन्ही मागता येतात.

‘अपघात’ या शब्दाची व्याप्ती

स्वस्त प्रवास विम्यांपैकी बहुतेक विमे केवळ अपघातापुरते असतात. बोलीभाषेत आपण कोणत्याही अनपेक्षित मृत्यूला ‘अघटित’ म्हणतो. विम्याच्या भाषेत मात्र बाह्य, दृश्य आणि आकस्मिक कारणाने झालेली शारीरिक इजा म्हणजे अपघात. इजा आणि मृत्यू यांचा थेट संबंधही दाखवावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाचे २०१९ मधील दोन निकाल येथे मार्गदर्शक आहेत. पहिल्या प्रकरणात नोकरीसाठी मोझांबिकला गेलेल्या एका भारतीयाचा मलेरियाने मृत्यू झाला होता. डास चावणे हा अपघात असल्याचा वारसांचा युक्तिवाद होता. ज्या देशात तीनपैकी एका व्यक्तीला मलेरिया होतो, तेथे या आजाराने झालेला मृत्यू अनपेक्षित अपघात मानता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. दुसऱ्या प्रकरणात मोटारसायकल चालविताना छातीत कळ येऊन एक जण खाली पडला आणि मरण पावला. मृत्यूचे कारण पडल्यामुळे झालेली इजा नसून हृदयविकार होता, म्हणून अपघाती लाभाचा दावा न्यायालयाने मान्य केला नाही.

यातून निघणारा अर्थ सरळ आहे. तीर्थयात्रेला किंवा डोंगराळ प्रदेशात निघालेल्या ज्येष्ठांना अधिक धोका दमछाक, विरळ हवा आणि हृदयविकार यांचा असतो. अशा वेळी केवळ अपघात विमा पुरेसा ठरत नाही. आजारपणातील उपचारांचा खर्च देणारे संरक्षण सोबत असणे आवश्यक आहे. ज्यांच्याकडे वर्षभराचा आरोग्य विमा आहे, त्यांना तो देशांतर्गत प्रवासातही उपयोगी पडतो. परदेशात मात्र सर्वसाधारण आरोग्य पॉलिसी लागू होत नाही.

आई-वडिलांचा परदेश प्रवास आणि जुने आजार

तात्यापारा, चौबे कॉलनी या रायपूरच्या जुन्या मराठी वस्त्या असोत की नागपूर-पुण्यातील गृहसंकुले. मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी अमेरिका, कॅनडा वा युरोपात जाणारे आई-वडील आता नवलाईचे राहिलेले नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांना मधुमेह किंवा रक्तदाब असतो. प्रवास विम्यातील सर्वाधिक वादग्रस्त अपवाद नेमका येथेच लागू होतो.

इर्डाईच्या सध्याच्या व्याख्येनुसार पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला वा उपचार दिले असा आजार ‘पूर्वीपासून असलेला आजार’ ठरतो. वर्षानुवर्षे नियंत्रणात असलेला मधुमेहही, गोळी सुरू असल्यामुळे, या व्याख्येत बसतो. अनेक प्रवास पॉलिसी अशा आजारांना सरसकट वगळतात. काही पॉलिसी जीवघेण्या आणीबाणीत रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च आणि तोही निश्चित उपमर्यादेपर्यंतच देतात. एक लाख डॉलरच्या पॉलिसीत जुन्या आजारासाठीची मर्यादा काही हजार डॉलर असू शकते.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा ६ डिसेंबर २०२१ चा निकाल प्रत्येक प्रवाशाने लक्षात ठेवावा असा आहे. मे २००९ मध्ये विवाहसमारंभासाठी अमेरिकेला गेलेल्या एका भारतीयाची प्रकृती सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर पोहोचताच बिघडली. अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवावे लागले. रक्तातील चरबी वाढल्याची आणि मधुमेहाची पूर्वपीठिका दडविली, असे कारण देऊन युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनीने दावा फेटाळला. प्रत्यक्षात मधुमेहाची माहिती प्रस्तावात दिली होती आणि वैद्यकीय तपासणीनंतरच पॉलिसी देण्यात आली होती. प्रकृतीचे मूल्यमापन करून एकदा पॉलिसी दिल्यावर, उघड केलेल्या आजाराचे कारण पुढे करून दावा नाकारता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. उपचारांचा खर्च दोन लाख डॉलरहून अधिक होता आणि न्याय मिळण्यास बारा वर्षे लागली.

या निकालातून विमाधारकाची जबाबदारीही स्पष्ट होते. प्रस्तावात विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर देणे हेच त्याचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. हप्ता वाढेल या भीतीने किंवा ‘तसे लिहायची गरज नाही’ या एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबून औषध दडविले, तर त्या आश्वासनाचा पुरावा उरत नाही. सही मात्र विमाधारकाची असते.

वैद्यकीय संरक्षणात आणखी दोन आकडे पाहावेत. पहिला म्हणजे प्रत्येक दाव्यात विमाधारकाने स्वतः सोसायची रक्कम. ती १०० डॉलर असेल आणि बिल ८० डॉलरचे झाले, तर काहीच मिळणार नाही. बिल ९०० डॉलरचे झाले, तर ८०० डॉलर मिळतील. दुसरा आकडा उपमर्यादांचा. साठीपुढील प्रवाशांच्या अनेक पॉलिसींत खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया आणि रुग्णवाहिका यांसाठी स्वतंत्र मर्यादा असतात. अमेरिकेसारख्या देशात रुग्णालयाचे एका दिवसाचे बिल या मर्यादा सहज ओलांडते आणि उरलेला खर्च कुटुंबावर येतो.

नियमित तपासणी, चष्मा, दातांचे सर्वसाधारण उपचार, गर्भारपणाशी संबंधित खर्च आणि भारतात परतेपर्यंत थांबू शकणारी शस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते. डॉक्टरांनी प्रवास करू नये असे सांगितले असताना केलेला प्रवास किंवा उपचारांसाठीच केलेला प्रवासही संरक्षणाबाहेर असतो.

संरक्षण सुरू कोठून होते

रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून परदेशी जाणाऱ्या प्रवाशांना सहसा दिल्ली, मुंबई, कोलकाता किंवा हैदराबाद गाठून तेथून पुढचे विमान घ्यावे लागते. नागपूर वगळता विदर्भातील, तसेच मराठवाड्यातील आणि गोव्याच्या सीमेवरील अनेक जिल्ह्यांतील प्रवाशांचीही स्थिती अशीच असते. त्यांच्यासाठी बारीक अक्षरांतील एक ओळ फार महत्त्वाची आहे.

परदेश प्रवासाच्या अनेक पॉलिसी भारताबाहेर जाणाऱ्या विमानात बसल्यापासून किंवा भारतीय इमिग्रेशन ओलांडल्यापासून सुरू होतात आणि भारतात परतताच संपतात. अशा पॉलिसीत रायपूर–मुंबई टप्प्यातील अपघात, आजार किंवा हरवलेले सामान यांना संरक्षण नसते. धुक्यामुळे रायपूरचे विमान उशिरा पोहोचले आणि पुढचे विमान सुटले, तर दोन्ही तिकिटे एकाच पीएनआरवर होती की स्वतंत्र, यावर विमान कंपनीची जबाबदारी ठरते. स्वतंत्र तिकिटे असतील, तर विमा कंपनी पॉलिसीतील ‘हुकलेली जोडउड्डाणे’ हे कलम पाहते. त्यात किती तासांचा विलंब हवा, कोणत्या कारणाने हवा आणि दोन उड्डाणांत किमान किती अंतर ठेवलेले असावे, हे नमूद असते. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटे काढणाऱ्याने हे कलम आधी वाचावे.

कालावधीबाबतही दक्षता हवी. मुक्काम वाढणार असेल, तर पॉलिसी संपण्यापूर्वीच मुदतवाढ मागावी लागते. मधल्या काळात दावा झालेला असेल, तर मुदतवाढ नाकारली जाऊ शकते. शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारक आहे आणि त्यात वैद्यकीय कारणाने मायदेशी परत आणणे, तातडीचे उपचार व मृत्यू यांचा समावेश असावा लागतो. ही व्हिसाची किमान अट आहे. ती पूर्ण झाली म्हणजे पुरेसा विमा झाला, असे नाही.

सहल रद्द झाली, पण कारण कोणते?

सहल रद्द करण्याचे संरक्षण ‘नमूद कारणांपुरते’ असते. प्रवासी किंवा त्याच्या जवळच्या नातलगाचा मृत्यू, गंभीर आजार, नैसर्गिक आपत्ती अशी कारणे यादीत असतात. विचार बदलणे, कार्यालयाने रजा नाकारणे, व्हिसा न मिळणे किंवा परिस्थितीची भीती वाटणे ही कारणे बहुतेक पॉलिसींत नसतात. व्हिसा नाकारल्याचे किंवा कोणत्याही कारणाने सहल रद्द करण्याचे संरक्षण मिळालेच, तर ते जादा हप्ता भरून वेगळे घ्यावे लागते.

पहलगाम हल्ल्यानंतर हा भेद प्रकर्षाने समोर आला. काही विमान कंपन्यांनी श्रीनगरच्या तिकिटांवरील रद्द करण्याचे शुल्क काही दिवसांसाठी माफ केले. तो कंपन्यांचा निर्णय होता, विम्याचा हक्क नव्हता. दहशतवादाबाबत प्रत्येक पॉलिसीची भाषा वेगळी असते. काही पॉलिसी हल्ल्यात बळी पडलेल्याला अपघाती लाभ देतात. पण हल्ल्याच्या भीतीने सहल रद्द करणाऱ्याला काहीही देत नाहीत. काहींमध्ये हल्ला नियोजित मुक्कामाच्या गावीच आणि प्रवासाच्या ठरावीक दिवस आधी झालेला असावा लागतो.

त्यानंतर मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीसाठी बंद ठेवण्यात आले. अशा वेळी रद्द झालेल्या विमानाच्या भाड्याचा परतावा विमान कंपनीकडे मागायचा असतो. हॉटेल, टॅक्सी आणि पुढील प्रवासाचे नुकसान मात्र विम्यातील ‘युद्ध व युद्धसदृश परिस्थिती’ या सर्वसाधारण अपवादात सापडू शकते.

आधीच माहीत असलेल्या घटनेलाही संरक्षण मिळत नाही. चक्रीवादळाचा इशारा, संप किंवा साथ जाहीर झाल्यानंतर घेतलेली पॉलिसी त्याच कारणासाठी उपयोगी पडत नाही. म्हणून सहलीचे पहिले पैसे भरले त्याच सुमारास विमा घेणे हिताचे असते. विमान कंपनी किंवा सहल कंपनीची दिवाळखोरी हाही अनेक पॉलिसींतील अपवाद आहे. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी, तर गो फर्स्टची ३ मे २०२३ पासून थांबली, तेव्हा अनेक प्रवाशांचे आगाऊ भरलेले पैसे अडकले होते.

सामान, पासपोर्ट आणि पुरावा

सामानाचे संरक्षण बहुतांशी विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या बॅगेपुरते असते. दागिने, रोकड, लॅपटॉप, कॅमेरा आणि महत्त्वाची कागदपत्रे वगळलेली असतात. हॉटेलच्या लॉबीत किंवा टॅक्सीत बॅग सोडून गेल्यास ‘बेवारस सामान’ म्हणून दावा फेटाळला जातो. सामान उशिरा मिळाल्यास अत्यावश्यक खरेदीचा खर्च मिळतो. परंतु परतीच्या प्रवासात, म्हणजे भारतात पोहोचल्यावर झालेल्या विलंबाला तो लागू नसतो.

विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडून सामान न मिळाल्याचा अहवाल घेणे अनिवार्य आहे. त्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. विम्याखेरीज विमान कंपनीचीही जबाबदारी असते. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानासाठीची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक होय. पासपोर्ट हरवल्यास ठरावीक तासांत स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवावी लागते.

दुचाकी, मद्य आणि साहसी खेळ

गोव्यात किंवा थायलंडमध्ये भाड्याची दुचाकी घेणे हा सहलीचा नित्याचा भाग झाला आहे. त्या वाहनासाठी आवश्यक परवाना नसेल, हेल्मेट घातलेले नसेल किंवा रक्तात मद्य आढळले, तर अपघाताचा दावा अडचणीत येतो. परदेशात भारतीय परवाना चालेल की आंतरराष्ट्रीय परवाना लागेल, हे त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते.

पॅराग्लायडिंग, स्कूबा डायव्हिंग, राफ्टिंग, ठरावीक उंचीपलीकडील गिर्यारोहण हे प्रकार मूळ पॉलिसीत सहसा नसतात. आयोजकाने तिकिटात ‘विमा समाविष्ट’ असे लिहिले असले, तरी तो विमा कोणत्या कंपनीचा, किती रकमेचा आणि कोणाच्या नावे आहे, हे विचारावे. अनेकदा तो आयोजकाच्या दायित्वापुरता असतो.

एका टिचकीत घेतलेला विमा

तिकिटासोबत नकळत विमा गळ्यात मारण्याच्या प्रकारांची दखल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने घेतली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १३ फसव्या रचनांवर बंदी घालण्यात आली. ग्राहकाच्या संमतीशिवाय खरेदीत वस्तू किंवा सेवा घुसडणे ही त्यांपैकी एक आहे. विमा न घेणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा शब्दांवर टिचकी मारायला लावून लाजविण्याचे उदाहरणही त्यात दिले आहे.

एका टिचकीत घेतलेल्या विम्याचे कागद नंतरही वाचले जात नाहीत. आरोग्य पॉलिसी न पटल्यास ३० दिवसांत परत करण्याची सवलत एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या पॉलिसीला लागू नाही. त्यामुळे बहुतेक प्रवास पॉलिसींबाबत वाचण्याची वेळ घेण्यापूर्वीच असते. अटींचा सारांश देणारे ‘ग्राहक माहिती पत्रक’ विमा कंपनीकडून मागून घ्यावे. आरोग्य विम्यात ते स्थानिक भाषेत मागण्याची तरतूद आहे.

दावा नाकारला गेल्यास

अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते आणि संदिग्ध शब्दांचा अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावला जातो. विमाधारकाला न कळविलेला अपवाद त्याच्यावर लादता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००० मधील मॉडर्न इन्सुलेटर्स आणि २०२२ मधील टेक्सको मार्केटिंग प्रकरणांत मांडली आहे.

दावा नाकारल्याचे पत्र लेखी मागावे आणि त्यात पॉलिसीतील नेमक्या कलमाचा उल्लेख असल्याची खात्री करावी. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. इर्डाईच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. एका महिन्यात उत्तर मिळाले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. लोकपालांना ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकता येतात. तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. छत्तीसगडसाठी लोकपालांचे कार्यालय भोपाळ येथे आहे. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे कार्यालये आहेत. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो मान्य नसल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. कंपनीचे मुख्यालय मुंबई वा चेन्नईत असले आणि घटना परदेशात घडलेली असली, तरी रायपूरच्या रहिवाशाला रायपूरमध्येच तक्रार करता येते.

घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

• हा विमा केवळ अपघाताचा आहे, की आजारपणाचाही?

• जुन्या आजारांसाठी नेमकी किती रक्कम मिळेल? सर्व औषधांची माहिती प्रस्तावात लिहिली आहे का?

• संरक्षण घरापासून, विमानतळापासून की इमिग्रेशनपासून सुरू होते? ते कधी संपते?

• प्रत्येक दाव्यात स्वतःला किती रक्कम सोसावी लागेल? वयानुसार उपमर्यादा आहेत का?

• सहल रद्द करण्याची कोणती कारणे यादीत आहेत? दहशतवाद, युद्ध, साथ आणि दिवाळखोरी यांबाबत काय लिहिले आहे?

• रुग्णालयात दाखल होताना कोणत्या क्रमांकावर आणि किती तासांत कळवायचे?

• वारसाचे नाव नोंदविले आहे का? पॉलिसीची प्रत घरी मागे राहणाऱ्या व्यक्तीकडे आहे का?

यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वाधिक दुर्लक्षित आहे. अपघाताच्या प्रसंगी पॉलिसी बहुधा प्रवाशाच्या मोबाइलमध्येच असते आणि तो मोबाइल उघडणारे कोणी नसते. विमा आहे हेच कुटुंबाला ठाऊक नसेल, तर दाव्याची मुदत न मागताच संपून जाते. म्हणून निघण्यापूर्वी पॉलिसीची एक प्रत घरी ठेवावी आणि ती कोठे ठेवली आहे, हे घरच्यांना सांगून निघावे.